फळांचं सदर्न बिस्किट आतून गिच्च राहतं, पापुद्रे सुटत नाहीत: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. साधं बटरमिल्कचं बिस्किट छान फुगतं, हाताने उघडलं की पापुद्रे सुटतात. त्याच पिठात मूठभर ब्लूबेरी किंवा पीचच्या फोडी पडल्या की घडी विस्कटते. बिस्किट बसकं होतं, फळाभोवती कच्च्या पिठाचं कडं राहतं, तळ काळपटतो तरी पोट ओलंच. मग कोणी बेकिंग पावडर वाढवतं, कोणी भट्टीत दहा मिनिटं जास्त ठेवतं. पहिल्याने चव कडवट होते, दुसऱ्याने कडा वातड होतात, आणि मूळ दुखणं जागेवरच राहतं.

बिस्किट म्हणजे इथे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, दोन्ही कॅरोलायना या पट्ट्यात न्याहारीला होणारं: मैदा, थंडगार बटर, बटरमिल्क आणि बेकिंग पावडर, बाहेरून खरपूस, आत मऊ आणि पदरांचं. फळ घातलेला प्रकारही तिकडे सर्रास खाल्ला जातो. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला १९७७ साली सुरू झालेल्या बोजँगल्स या साखळीतलं आयसिंग ओतलेलं ‘बो-बेरी’ बिस्किट तिथल्या लोकांना पाठ आहे. अटलांटा, शार्लट, रॅलेच्या मराठी घरांत तिथला मैदा आणि तिथली फळं सहज मिळतात. पुण्या-मुंबईत करणाऱ्यांना दोन-चार बदल करावे लागतात. तेही ओघात सांगितले आहेत.

पाण्याचा हिशेब

दुखण्याचं मूळ फळातल्या पाण्यात आहे. ब्लूबेरीत वजनाच्या साधारण ८४ टक्के पाणी असतं, पीचमध्ये ८९ टक्क्यांच्या आसपास, स्ट्रॉबेरीत ९१. आता ३०० ग्रॅम मैद्याचं प्रमाण घ्या. साध्या बिस्किटाला त्यात २२० ते २४० ग्रॅम बटरमिल्क लागतं, म्हणजे २०० ग्रॅमच्या थोडं पुढे पाणी. त्यात १३० ग्रॅम ब्लूबेरी टाकली की जवळपास ११० ग्रॅम पाणी वरून आलं. ते सगळं सुटत नाही हे खरं, पण जी फळं मळताना चिरडतात किंवा भट्टीत फुटतात त्यांचं पाणी अगदी शेजारच्या पिठात जातं. तेवढ्याच जागी पीठ सैल होतं, त्यातला स्टार्च जास्तीचं पाणी पिऊन खळ होतो, आणि बाकीचं बिस्किट भाजून तयार झालं तरी ती जागा गिच्चच राहते.

पापुद्र्यांचंही नुकसान याच पाण्याने होतं. बिस्किटात पदर सुटतात ते बटरच्या चपट्या तुकड्यांमुळे. तुकडा वितळतो, त्यातल्या १६ टक्के पाण्याची वाफ होते, ती वरचा थर उचलते, आणि वितळलेली चरबी दोन थरांना पुन्हा चिकटू देत नाही. चिरोट्यात साठा जे काम करतो ते इथे थंड बटर करतं. दोन थरांच्या मधे बटरऐवजी फळाचा रस शिरला की थर ओल्या पिठाने एकमेकांना डिंकासारखे धरून बसतात. मग भट्टी कितीही तापलेली असो, ते सुटत नाहीत.

म्हणून उपायांचा क्रम ठरलेला आहे: फळाचं पाणी आधी कमी करायचं किंवा गोठवून बांधून ठेवायचं, तेवढं बटरमिल्क कापायचं, आणि फळ अगदी शेवटच्या घडीत घालायचं. बाकीच्या चुका यापुढे किरकोळ आहेत.

बिघडलेलं बिस्किट आधी उघडून बघा

टाकून देण्याआधी एक बिस्किट कोमट होऊ द्या आणि सुरी न लावता दोन्ही हातांनी आडवं उघडा. सुरीने पदर दाबले जातात आणि कळायचं ते कळत नाही. फळाभोवती दोन-तीन मिलिमीटर जांभळा डाग आणि त्याखाली कोरडा, मऊ गर दिसला तर ते बिस्किट उत्तम आहे, रंग उतरणारच. बोट लावल्यावर चकचकीत लगदा बोटाला चिकटून आला तर फळाचं पाणी जास्त झालं. गिच्चपणा फळाजवळ नसून सगळ्या मध्यभागी, आडव्या पट्ट्यासारखा असेल तर भाजणं कमी पडलंय किंवा बिस्किट फार जाड होतं. खालचा अर्धा भाग दडस आणि वरचा फुगलेला असेल तर फळं तळाच्याच थरात पडली आणि रस खाली जमला. गर केकसारखा एकसारखा, बारीक जाळीचा असेल, कुठे पदरच नाही, तर बटर फार बारीक चोळलं गेलं किंवा ओट्यावरच वितळलं. एक बाजू फुगून दुसरी खाली, असं तिरकं बिस्किट कापण्याच्या चुकीने होतं.

कारण समजल्याशिवाय प्रमाण बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

प्रमाण

९ बिस्किटांसाठी: मैदा ३०० ग्रॅम, बेकिंग पावडर १ मोठा चमचा सपाट (१३ ग्रॅमच्या आसपास), बेकिंग सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, साखर ३० ग्रॅम, बिनमिठाचं थंड बटर ११५ ग्रॅम, थंड बटरमिल्क १८० ग्रॅम आणि लागलंच तर अजून २० ग्रॅम, तयार केलेलं फळ १२० ग्रॅम. वजनकाटा वापराच. कपाने मैदा मोजला की कप कसा भरला त्यावर २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि या बिस्किटाची सगळी गंमत त्याच २०-३० ग्रॅमवर आहे.

फळ १५० ग्रॅमच्या वर नेऊ नका. घास घास फळ हवं असेल तर बिस्किट साधं करा आणि फळ वरून घ्या. ते पुढे येईलच.

मैद्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कडकपणाचं निम्मं कारण तिथे असतं. दक्षिणेत बिस्किटाला मऊ हिवाळी गव्हाचा मैदा वापरतात. मूळचा टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा व्हाइट लिली हा १८८३ पासूनचा मैदा त्यासाठीच नावाजलेला; त्यात प्रथिनं ८-९ टक्के असतात. अमेरिकेतल्या इतर बऱ्याच ऑल-पर्पज पिठांत ती १० ते ११.७ टक्क्यांपर्यंत जातात. प्रथिनं जास्त म्हणजे ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारी जाळी) जास्त, आणि घड्या घालताना ते ताणलं जाऊन बिस्किट वातड होतं. भारतातला मैदा पाकिटावरची प्रथिनं वाचून घ्या. १० च्या वर असेल तर २६० ग्रॅम मैदा आणि ४० ग्रॅम कॉर्नफ्लोर एकत्र दोनदा चाळा. चक्कीचा आटा इथे अजिबात चालत नाही: त्यातला कोंडा आणि दळताना तुटलेला स्टार्च खूप पाणी ओढतात आणि पदर उचलतच नाहीत.

व्हाइट लिलीची दोन पाकिटं दुकानात शेजारी शेजारी असतात, एक साधं आणि एक सेल्फ-रायझिंग. सेल्फ-रायझिंगमध्ये बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेलं असतं. त्यात वरून पावडर घातली की बिस्किट भसकन फुगतं, मग बसतं, आणि साबणासारखी चव येते. सेल्फ-रायझिंग घेतलंत तर पावडर, सोडा, मीठ तिन्ही वगळा.

बटरमिल्क म्हणजे आपलं जेवणानंतरचं ताक नव्हे. अमेरिकेतलं बाजारी बटरमिल्क विरजण लावून घट्ट केलेलं असतं, कढीच्या पीठ लावलेल्या ताकाहूनही दाट. पातळ ताक घातलं तर पुन्हा पाण्याचाच हिशेब चुकतो. १३० ग्रॅम घट्ट, थोडं आंबट दही आणि ५० ग्रॅम थंड दूध फेटून घ्या. दुधात लिंबू पिळून केलेलं बदली बटरमिल्क पातळ असतं. तेच वापरायचं असेल तर १६० ग्रॅमपासून सुरुवात करा.

बटर मीठ घातलेलं असेल तर वरचं मीठ पाव चमच्यावर आणा. घरचं पांढरं लोणी पाणी धरून असतं आणि ते प्रत्येक वेळी वेगळं, म्हणून या कामाला भरवशाचं नाही. तुपात पाणीच नसल्याने वाफ धरत नाही. तुपाची बिस्किटं खुसखुशीत होतात, पण पदर सुटत नाहीत.

फळ कसं तयार करायचं

ब्लूबेरी सगळ्यात सोपी. ताजी असेल तर धुऊन पंचावर पूर्ण कोरडी करा आणि ताटात एकेरी पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेलं फळ मळताना आणि दाबताना फुटत नाही, आणि भट्टीत फुटेपर्यंत आजूबाजूचं पीठ धरलेलं असतं. पाकिटातली गोठवलेली ब्लूबेरी असेल तर ती वितळू देऊ नका. वितळली की जांभळं पाणी सुटतं आणि खेळ तिथेच संपतो. बर्फाचे कण चिकटलेले असतील तर चाळणीत हलवून झाडून टाका, ते निव्वळ पाणी आहे. पिठात घालण्याच्या क्षणी एक छोटा चमचा कॉर्नफ्लोरमध्ये घोळवा. यामुळे फळ खाली बसत नाही असं केकच्या बाबतीत सांगतात. इथे पीठ घट्ट असल्याने तो प्रश्नच नाही. इथे कॉर्नफ्लोर फक्त सालीवरची ओल आणि पहिला रस धरून ठेवतं. ब्लॅकबेरी आणि महाबळेश्वरची तुती यांनाही हेच लागू, फक्त त्या जास्त नाजूक असतात, म्हणून अख्ख्याच गोठवा.

पीच मात्र कष्ट मागतो. जॉर्जिया-साउथ कॅरोलायनाचा पीच मे ते ऑगस्टमध्ये पिकतो तेव्हा तो चावताना रस कोपरापर्यंत येतो. खायला तो हवा, बिस्किटाला नको. अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम दबेल असा घ्या, साल काढा, एक सें.मी.च्या फोडी करा. २०० ग्रॅम फोडींना एक मोठा चमचा साखर आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस लावून चाळणीत ३० मिनिटं ठेवा. साखर रस बाहेर ओढते, लिंबू फोडी काळवंडू देत नाही. निथळलेल्या फोडी टिपून घ्या आणि त्याही गोठवा. खाली जमलेला रस टाकू नका: छोट्या भांड्यात निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवा आणि वरच्या आयसिंगमध्ये दुधाऐवजी घाला. वेळ असेल तर फोडी निथळण्याऐवजी १८० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजून गार करा. चव दुप्पट होते आणि पाणी निश्चितपणे जातं. डब्यातला पाकातला पीच घेतला तर पाक पूर्ण निथळून भाजल्याशिवाय वापरूच नये.

स्ट्रॉबेरी सगळ्यात अवघड. पाणी सर्वांत जास्त, साल नाहीच, आणि गोठवून वितळली की तिचा लगदा होतो. महाबळेश्वर-पाचगणीची असो की नॉर्थ कॅरोलायनाची, अर्ध्या कापून १२० अंशांवर तास-सव्वा तास वाळवा, कडा सुरकुतल्या आणि मध्ये थोडी मऊ राहिली की काढा. २५० ग्रॅममधून जेमतेम १०० ते १२० ग्रॅम उरते आणि तेवढीच हवी. एवढं करायचं नसेल तर ती आत घालूच नका. साधं गरम बिस्किट उघडून त्यात साखरेत मुरवलेली स्ट्रॉबेरी आणि फेटलेली साय, हा दक्षिणेतला शॉर्टकेक आहे, आणि रसाळ फळाला तोच न्याय योग्य.

हापूस आत घालण्याचा मोह आवरा. त्याचा गर भट्टीत रस होतो. आंबा हवाच तर तोतापुरीसारखा टणक, अर्धवट पिकलेला घ्या आणि पीचसारखा निथळून गोठवा. कच्चा अननस दह्या-दुधाशी कडू होतो, म्हणून आधी शिजवून आटवावा लागतो. सफरचंदाच्या अर्ध्या सें.मी.च्या फोडी बटरवर पाच मिनिटं परतून गार केल्या की झालं.

सुक्या फळांचा त्रास उलटा असतो. मनुका, क्रॅनबेरी, जर्दाळू, अंजीर तसेच घातले तर पिठातलं पाणी ओढून घेतात आणि वर आलेले तुकडे जळून कडू होतात. ७० ग्रॅम फळ गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून कोरडं पुसा. अशा वेळी बटरमिल्क २१० ग्रॅमपर्यंत नेता येतं, कारण फळ पाणी देणार नसतं. जॅम कोणत्याही रूपात आत नको.

थंडी, चोळणं आणि घड्या

बटर ३२-३५ अंशांना वितळतं, पण त्याआधीच मऊ होऊन पिठात मुरायला लागतं. एप्रिल-मेमधे मुंबईच्या स्वयंपाकघराचंच तापमान तेवढं असतं. बटर गोठवून जाड किसणीवर किसा, किस परत दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. कोरडं पीठ चाळून परातीसकट अर्धा तास फ्रिजमध्ये. कडप्प्याचा ओटा असेल तर त्यावर बर्फाचा ट्रे दहा मिनिटं ठेवून नंतर कोरडा पुसा. दगड बराच वेळ गार राहतो आणि लाकडी पोळपाटापेक्षा कितीतरी बरा पडतो.

किसलेलं बटर पिठात बोटांच्या टोकांनी फक्त मोकळं करा आणि मोठे तुकडे अंगठ्याने चपटे करा. रव्यासारखं झालं तर थांबायला उशीर झाला. वाटाण्याएवढे, मधूनच पाकळीएवढे तुकडे डोळ्यांना दिसले पाहिजेत. मध्ये खळगा करून बटरमिल्क एकदम ओता, काट्याने १२-१५ वेळा फिरवा. परातीत कोरडं पीठ थोडं उरलं पाहिजे. हे पाहून बहुतेकांचा हात बटरमिल्ककडे जातो. थांबा. घड्या घालताना ते पीठ आपोआप आत जातं. मुठीत दाबलेला गोळा तसाच राहत असेल तर ओल पुरेशी आहे. सुटा होऊन पडला तरच राखून ठेवलेल्यातला चमचाभर घाला.

पीठ ओट्यावर काढा आणि हाताने साधारण १४ बाय २० सें.मी.चा, २ सें.मी. जाडीचा आयत करा. पत्रासारखी तीन पदरी घडी घाला, पाव फेरी फिरवा, पुन्हा तेवढाच आयत करून दुसरी घडी घाला. पहिल्या घडीला ते भुसभुशीत दिसतं, दुसरीनंतर सांधतं. या दोन घड्यांत फळ नाही. आता ते पीठ झाकून १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

तिसरी घडी फळाची, आणि इथे जाडी महत्त्वाची आहे. पीठ सव्वा सें.मी.पर्यंत पातळ करा, आयत साधारण १८ बाय २६ चा होईल. मनात त्याचे तीन भाग पाडा. मधल्या भागावर आणि एका टोकावर फ्रीझरमधून आत्ता काढलेलं फळ पसरा, तळहाताने हलकं दाबून बसवा. दुसरं टोक मोकळं ठेवा. मोकळं टोक आधी मधल्या भागावर घ्या, मग फळाचं टोक त्यावर पालथं घाला. आता वर आणि खाली दोन्हीकडे कोरडं, स्वच्छ पीठ आहे आणि फळ दोन थरांत बंद. घडीची जाडी ४ सें.मी.च्या आसपास भरते. तिला अडीचवर आणायला फार दाबावं लागत नाही. पीठ जाड ठेवून घडी घातली तर सहा सें.मी.वरून खाली यावं लागतं आणि त्या दाबाने निम्मी फळं चिरडतात. लाटणं इथे बाजूला ठेवा, तळहातच वापरा. फळ घातल्यावर आणखी घडी घालायची नाही. तीन तिपदरी घड्यांत २७ थर होतात, ते पुरतात.

सुरुवातीलाच वाडग्यात फळ मिसळायला सांगणाऱ्या कृती असतात. अख्ख्या सुक्या फळाला ते चालतं. ओल्या फळाला नाही: तीन घड्यांत ते तीनदा दाबलं जातं.

कापणं

गोल कटर फळाच्या बिस्किटाला गैरसोयीचा आहे. तो फळातून जाताना रस कडेला ओढतो, रसाने कडेचे पदर चिकटतात, आणि उरलेले तुकडे पुन्हा गोळा करताना त्यातली फळं चिरडतात. मोठी धारदार सुरी पिठात बुडवा आणि सरळ खाली दाबून चौकोनी कापा, करवतीसारखी ओढू नका. आधी चारी कडांची अर्धा सें.मी. पट्टी काढून टाका, कारण घडीच्या कडा बंद असतात आणि बंद कड फुगत नाही. मग तीन बाय तीन, नऊ तुकडे. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. कडेला फळ अर्धवट कापलं गेलं असेल तर ते काढून वर ठेवा. कटरच वापरायचा तर धारदार घ्या आणि फिरवू नका. फिरवल्याने कड पिळली जाते आणि बिस्किट तिरकं चढतं.

वरून बटरमिल्क किंवा क्रीम लावताना ब्रश जवळजवळ कोरडा असू द्या. बाजूने ओघळलं तर तेही पदर चिकटवतं. कापलेले तुकडे ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि तेवढ्यात भट्टी तापवा. भाजताना बिस्किटाखाली बटरचं तळं साचत असेल, तर हीच पायरी वगळलेली असते.

भट्टी

साधी बिस्किटं दक्षिणेत २३० ते २४५ अंशांवरही भाजतात. फळ आणि साखर असल्यावर तेवढ्या आचेवर वरचा रंग येतो आणि मध्य कच्चा राहतो. २२० अंश, मधला कप्पा, २० ते २४ मिनिटं. पंखा चालू असेल तर २०० अंश. पहिली दहा मिनिटं दार उघडू नका, कारण त्याच वेळात वाफ थर उचलत असते. लहान ओटीजीचा दिवा गेला म्हणजे ती तापली असं नव्हे. पूर्ण २० मिनिटं तापवा आणि आत ठेवायचा तापमापक एकदा विकत घ्या. चकतीवर २२० असताना आत १९० असणं नवलाचं नाही, आणि १९० वर बटर वाफ होण्याआधी वितळून बाहेर येतं. ओटीजीत एका वेळी चार-पाचच ठेवा, बाकीची फ्रिजमध्ये थांबू द्या.

साधी बिस्किटं एकमेकांना चिकटवून ठेवली की वर चढतात. फळाच्या बिस्किटांत मात्र दीड सें.मी. अंतर ठेवा. बाजूने वाफ निघून गेली नाही तर तीच ओल परत आत बसते.

तळ जळण्याचं कारण बहुधा सांडलेला गोड रस असतो. फिक्या रंगाचा ट्रे, त्यावर बेकिंग पेपर. ओटीजीचा खालचा रॉड जवळ असेल तर एकाखाली एक दोन ट्रे. दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे तापवलेल्या बिडाच्या तव्यात करायचं असेल तर साधी बिस्किटं करा. फळाचा रस तापलेल्या बिडावर लगेच करपतो. फळाची बिस्किटं बिडात करायचीच तर तवा गार असताना पेपर घालून ठेवा.

झालं की नाही हे रंगावर ठरवू नका. प्रोबचा तापमापक मधल्या बिस्किटाच्या पिठात, फळाला न लागता खुपसा: ९४ ते ९६ अंश हवेत. वर रंग आला आणि आकडा ८८ असेल तर वर सैलसर फॉइल टाकून पाच मिनिटं अजून. काढल्यावर लगेच जाळीवर घ्या आणि दहा मिनिटं हात लावू नका. आतला गर तोवर सेट होत असतो. लगेच उघडलेलं चांगलं बिस्किटही कच्चं वाटतं.

पीठ निळं-हिरवं होतं तेव्हा

ब्लूबेरीतला रंग आम्लात लालसर-जांभळा आणि अल्कलीत निळा-हिरवा दिसतो. फळाभोवती हिरवट कडं म्हणजे सोडा जास्त किंवा न विरघळलेली गुठळी. अमेरिकेत ठोकळ माप एक कप बटरमिल्कला अर्धा छोटा चमचा सोडा असं धरतात. इथे आपण त्याहून कमी, पाव चमचा घातलाय, म्हणजे थोडा आंबटपणा शिल्लक राहतो आणि रंगही. सोडा पिठाबरोबर दोनदा चाळा. दही गोडसर असेल तर सोडा सरळ वगळा, फुगवायला बेकिंग पावडर पुरेशी आहे. हिरवट डाग खाण्यात काही अपाय नाही. सबंध पीठ करडं-जांभळं झालं असेल तर मात्र फळ वितळलेलं होतं किंवा फार मळलं गेलं.

बेकिंग पावडर जिवंत आहे का हे बघायला अर्ध्या कप कढत पाण्यात एक छोटा चमचा टाका. जोरात फेसाळली तर ठीक. नुसते चार बुडबुडे आले तर डबा फेका. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत उघडा डबा लवकर मरतो, म्हणून लहान डबा घेतलेला बरा. तोंडात धातूसारखी चव राहत असेल तर पाकिटावर अॅल्युमिनियमचं नाव आहे का वाचा आणि नसलेली घ्या.

आयसिंग आणि उरलेली बिस्किटं

८० ग्रॅम आयसिंग शुगर, दीड मोठा चमचा दूध किंवा आटवलेला पीचचा रस, चिमूटभर मीठ. बिस्किट कोमट असताना ओता. गरमवर ओतलं तर ते पाणी होऊन पदरांत उतरतं आणि वरचा खरपूसपणा जातो. डब्यात भरून ठेवायची असतील तर आयसिंग लावूच नका.

ही बिस्किटं त्याच दिवशी संपवावीत. फळ रात्रभर ओल सोडत राहतं आणि सकाळी गर ओलसर लागतो. पुढे न्यायची असतील तर कापलेले कच्चे तुकडे ट्रेवर टणक गोठवून पिशवीत भरा, महिनाभर चांगले राहतात. न वितळवता थेट २२० अंशांवर घाला आणि चार-पाच मिनिटं जास्त द्या. भाजून उरलेली १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये फळ आधी उकळतं आणि पदर वातड होतात.